घरमालक कबूल केलेली दुरुस्ती करत नाही, मग मुदतीआधी घर सोडता येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं महाराष्ट्रातल्या राहत्या घरांसाठी आहेत, आणि त्यातही मुख्यतः लिव्ह अँड लायसन्स करारांसाठी. जुन्या भाडेकरूंचे आणि पागडीचे नियम काही ठिकाणी वेगळे पडतात, तिथे तसं लिहिलं आहे. डिपॉझिटची रक्कम मोठी असेल, तर नोटीस पाठवण्याआधी करार एकदा वकिलाला दाखवा.

करार अकरा महिन्यांचा आहे आणि मला चौथ्या महिन्यातच घर सोडायचं आहे. सुरुवात कुठून करू?

दुरुस्तीचं भांडण बाजूला ठेवा आणि आधी करार काढून वाचा. त्यात दोन कलमं शोधा: करार मुदतीआधी संपवण्याचं आणि लॉक-इनचं, म्हणजे सुरुवातीचे ठरावीक महिने घर सोडता येणार नाही असं सांगणारं. ऑनलाइन नोंदणीच्या ठरलेल्या नमुन्यात सहसा असं असतं की लॉक-इन नसेल किंवा संपला असेल, तर घेणारा एक महिन्याची लेखी नोटीस देऊन घर रिकामं करू शकतो. तुमच्या करारात हे असेल, तर मालकाने दुरुस्ती केली की नाही हे सिद्ध करायची गरजच नाही. नोटीस द्या, महिना काढा, किल्ल्या द्या, डिपॉझिट घ्या. छताच्या ओलीचे फोटो जमवण्यात आणि मालकाशी वाद घालण्यात लोक आठवडे घालवतात, आणि बाहेर पडायचा दरवाजा करारातच असतो.

दुरुस्तीचा मुद्दा खरा उपयोगी पडतो तो लॉक-इन चालू असताना, नोटिशीचं कलमच नसताना, किंवा मालक डिपॉझिट कापायला निघाल्यावर.

मी भाडेकरू आहे की लायसन्सी? बोलताना तर सगळे भाडेकरूच म्हणतात.

बोलण्यात काही बिघडत नाही, कायद्यात बिघडतं. लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या जागेचा वापर करण्याची परवानगी, आणि ती ज्याला मिळते तो लायसन्सी. तिची व्याख्या भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे. त्या परवानगीने जागेत तुमचा हक्क निर्माण होत नाही. भाडेपट्ट्यात मात्र होतो, आणि म्हणूनच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधली बरीचशी संरक्षणं 'भाडेकरू' या शब्दाला जोडलेली आहेत. आज नव्याने भाड्याने दिली जाणारी बहुतेक घरं लायसन्सवर जातात. तेव्हा भाडेकरूंच्या हक्कांची यादी कुठे वाचलीत, तर ती आपल्याला लागू आहे असं लगेच धरून चालू नका.

मग दुरुस्ती करून देणं मालकावर बंधनकारक आहे की नाही?

भाडेकरू असाल तर हो. १९९९ च्या कायद्याचं कलम १४ सांगतं की वेगळं काही ठरलं नसेल, तर घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळात त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. एका वर्षात ही वजावट त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त होता कामा नये. लेखी भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ मध्येही याच धर्तीची तरतूद आहे.

लायसन्सी असाल तर तुमचं मुख्य हत्यार म्हणजे करार. 'गळती, वायरिंग आणि नळजोडणीची मोठी दुरुस्ती मालक करेल' असं त्यात लिहिलेलं असेल, तर ते वचन आहे आणि ते मोडलं की करारभंग होतो. त्याच्या जोडीला सुविधाधिकार कायद्याची कलमं ५७ आणि ५८ आहेत. जागेतला धोकादायक दोष मालकाला माहीत असेल आणि तुम्हाला नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. जागा तुम्हाला धोकादायक होईल असं काही त्याने करायचं नाही, हेही. स्लॅब आधीच सुटत होता आणि त्यावर रंग मारून घर दाखवलं, अशा प्रकरणात कलम ५७ फार कामाला येतं.

मालकाने तोंडी कबूल केलं होतं. 'तुम्ही राहायला या, आठवड्यात करून देतो.' करारात त्याचा एक शब्द नाही.

ही सगळ्यात जास्त आढळणारी आणि सगळ्यात कमकुवत स्थिती आहे. सगळ्या अटी लेखी करारात असताना त्याआधीचं तोंडी बोलणं पुढे करून त्या अटी बदलता येत नाहीत, असा पुराव्याचा सर्वसाधारण नियम आहे. पण तोंडी वचन पूर्णपणे वाया गेलं असंही नाही. ते आता लेखी करून घ्या. मालकाला साधा मेसेज टाका: 'बेडरूमच्या भिंतीची ओल राहायला येण्याआधी दुरुस्त करून देण्याचं आपलं ठरलं होतं, ते अजून झालेलं नाही, काम कधी सुरू होईल?' 'पुढच्या आठवड्यात करतो' एवढं उत्तर आलं, तरी मालकाने जबाबदारी मान्य केल्याचा कागद तुमच्या हातात आला. इथे रागावलेला मेसेज नको. रागाला लोक फोन करून उत्तर देतात, साध्या प्रश्नाला टाइप करून.

करार नोंदवलेलाच नसेल, तर पारडं थोडं तुमच्या बाजूला झुकतं. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी असणं आणि तो नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने तो नोंदवला नसेल, तर अटींविषयी घेणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, ते वेगळंच.

कुठल्या कारणासाठी करार संपवता येतो? गळका नळ पुरेसा आहे का?

नाही. गळका नळ, सैल बिजागरी, उडालेला रंग यांसाठी पैसे मागता येतील, करार मोडता येणार नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३९ नुसार एका पक्षाने आपलं वचन पाळायला सपशेल नकार दिला, किंवा ते पाळणं स्वतःहून अशक्य करून ठेवलं, तर दुसऱ्याला करार संपवता येतो. म्हणजे दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, बिघाड असा आहे की ज्यासाठी घर घेतलं तो हेतूच फसतो: शौचालय बंद, पाणी नाही, वायरिंगला शॉक लागतो, छताचे तुकडे पडतात, ओलीमुळे एक खोली वापरताच येत नाही. दुसरी, मालक ते करणार नाही हे स्पष्ट झालेलं आहे.

गाडी अडते ती या दुसऱ्या गोष्टीवर. 'बघतो', 'माणूस पाठवतो', 'पावसाळा संपू दे' हा नकार नव्हे. मुरलेला मालक कधीही नाही म्हणत नाही. म्हणून नोटिशीत ठरावीक तारीख घालायची असते. तारीख उलटून गेली आणि काम सुरूही झालं नाही, की त्या गप्प बसण्याला अर्थ येतो.

नोटिशीत काय लिहू?

वकिलाची नोटीस पहिल्याच पायरीला लागत नाही. तुमच्या सहीचं साधं पत्र चालतं. साधारण असं:

'आपल्यामधील दिनांक … रोजी नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराच्या कलम … नुसार घरातील गळतीची व वायरिंगची दुरुस्ती आपण करून द्यायची आहे. दिनांक …, … आणि … रोजी मी आपल्याला हे कळवले होते. अद्याप काम झालेले नाही. सध्या मागच्या खोलीचे छत गळत असून तेथील वीजजोडणी बंद ठेवावी लागत आहे; छायाचित्रे सोबत जोडली आहेत. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काम सुरू करून ते वाजवी वेळेत पूर्ण करावे. कामासाठी घर मी कोणत्याही दिवशी उघडून देईन. तसे न झाल्यास आपण कराराचा भंग केला असे मानून मी दिनांक … रोजी घराचा ताबा आपल्याकडे सोपवीन, आणि त्याच वेळी अनामत रकमेचा परतावा अपेक्षित आहे. आजपर्यंतचे सर्व भाडे मी भरलेले आहे.'

यातली शेवटची दोन वाक्यं गाळू नका. आणि 'घर उघडून देईन' हेही. 'मी माणूस पाठवला होता, पण घराला कुलूप होतं' हे मालकाचं ठरलेलं उत्तर असतं.

पत्र करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने, पोचपावती मिळेल असं पाठवा. त्याचीच प्रत ईमेलने आणि व्हॉट्सॲपवरही टाका. मालकाने पाकीट घेतलं नाही, तर परत आलेलं पाकीट न उघडता जपून ठेवा.

पंधराच दिवस का?

लायसन्सला कायद्याने ठरलेला आकडा नाही, 'वाजवी वेळ' हेच माप आहे. कलम १४ मध्ये भाडेकरूंसाठी पंधरा दिवस आहेत, म्हणून तोच आकडा धरणं सोयीचं पडतं. शॉक लागत असेल तर दोन दिवसही वाजवी आहेत. बाहेरच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग भर पावसात होत नाही, तिथे पंधरा दिवसांचा हट्ट न्यायालयातही पोरकट दिसेल.

तोपर्यंत भाडं थांबवू का?

थांबवू नका. खूप मोह होतो, पण भाडं थकलं की करार मोडणारे तुम्ही ठरता आणि मालकाला आयतं कारण मिळतं. भाडं वेळेवर बँकेतूनच भरा आणि सोबत एक ओळ कळवा: 'दुरुस्तीबाबतचा माझा हक्क राखून हे भाडं भरत आहे.' शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून कापून घ्या, असं अनेक जण मालकाला सांगतात. मालकाने लेखी होकार दिला तरच ते करा. खरं तर डिपॉझिट परत मिळणार नाही अशी शंका असेल, तर हा होकार मिळवणं हा सगळ्यात चांगला सौदा आहे, कारण मग मागायला फारसं काही उरतच नाही.

स्वतः प्लंबर बोलावून खर्च भाड्यातून कापला तर?

भाडेकरू असाल तर वर सांगितलेल्या मर्यादेत हक्काने कापता येतो, बिलं मात्र नीट ठेवा. लायसन्सी असाल तर करारात तसं असेल किंवा मालकाने मेसेजवर हो म्हटलं असेल तेव्हाच. आधी अंदाजपत्रक पाठवा, मग काम. भिंत फोडणं, पाइपलाइन बदलणं असली कामं परवानगीशिवाय अजिबात नकोत. घरात फेरफार करायचे नाहीत हे कलम जवळपास प्रत्येक करारात असतं.

मालक म्हणतो गळती सोसायटीची आहे, सोसायटी म्हणते मालकाला सांगा.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत ही वाटणी बरीच स्पष्ट आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइन्स, पावसाच्या पाण्याची गळती, गच्चीतून पाणी झिरपून खराब झालेलं वरच्या मजल्यावरचं छत: हे संस्थेने तिच्या खर्चाने करायचं. फ्लॅटच्या आतलं बाकीचं काम सभासदाने करायचं. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून पाणी येत असेल, तर तो त्या सभासदाचा विषय.

पण तुमच्या दृष्टीने ही वाटणी दुय्यम आहे. तुमचा करार मालकाशी आहे, संस्थेशी नाही. संस्थेचा सभासद मालक आहे, त्यामुळे संस्थेकडे लेखी तक्रार त्यानेच करायला हवी, आणि त्याने ती केली का, हे तुम्ही विचारू शकता. केली असेल आणि संस्थाच चालढकल करत असेल, तर मालकाने 'सपशेल नकार' दिला असं म्हणणं अवघड जातं. अशा वेळी करार मोडण्यापेक्षा भाड्यात सवलत किंवा दोघांच्या संमतीने लवकर सुटका मागावी. संमतीने मिळालेली सुटका जिंकलेल्या दाव्यापेक्षा स्वस्त पडते, असं माझं स्पष्ट मत आहे.

लॉक-इन सहा महिन्यांचा आहे. उरलेल्या महिन्यांचं भाडं द्यावंच लागेल?

मालक तसंच सांगेल. चित्र तेवढं काळंपांढरं नाही. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारभंगासाठी एखादी रक्कम आधीच लिहिलेली असली, तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं आणि ती लिहिलेल्या रकमेच्या वर जात नाही. कलम ७३ च्या स्पष्टीकरणात असंही आहे की नुकसान मोजताना ते टाळण्याची साधनं उपलब्ध होती का हे बघायचं. तुम्ही गेल्यावर महिन्याभरात मालकाने दुसऱ्याला घर दिलं असेल, तर चार महिन्यांच्या भाड्याची मागणी टिकणं कठीण. आणि मुळात करार त्यानेच मोडला असेल, तर भरपाई मागायचा अधिकार तुमचा.

हे सगळे तुमच्या बाजूचे युक्तिवाद आहेत, हमी नव्हे. डिपॉझिट मालकाच्या हातात असतं, म्हणून वाद झाला तर दावा सहसा तुम्हालाच लावावा लागतो. लॉक-इन चालू असेल तर पुरावा दुप्पट काळजीने जमवा.

कुठला पुरावा न्यायालयात चालतो?

तारखेसह फोटो आणि व्हिडिओ, मालकाशी झालेला पत्रव्यवहार, भाड्याच्या बँक नोंदी, आणि शक्य असेल तर इलेक्ट्रिशियनने किंवा प्लंबरने लेटरहेडवर लिहून दिलेला अभिप्राय. मेसेज आणि फोटो हा इलेक्ट्रॉनिक पुरावा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील बघतील. तुम्ही एवढंच करा की जुना फोन विकू नका आणि चॅट पुसू नका. स्क्रीनशॉटपेक्षा मूळ चॅट महत्त्वाचं.

केंद्राच्या नव्या भाडे कायद्यात दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही म्हणे?

तो आदर्श भाडेकरार कायदा, २०२१. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो २ जून २०२१ रोजी मंजूर केला आणि राज्यांकडे नमुना म्हणून पाठवला. घर राहण्यालायक नसेल आणि मालक दुरुस्तीला नकार देत असेल, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन घर सोडता येईल, अशी नेमकी आपल्या कामाची तरतूद त्यात आहे. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि महाराष्ट्रातल्या घरांना १९९९ चाच कायदा आहे. नोटिशीत त्या आदर्श कायद्याचा हवाला दिलात, तर समोरचा वकील तेवढंच पकडून बसेल.

डिपॉझिट मिळेपर्यंत किल्ल्या अडवून ठेवू का?

करार चालू असताना 'किल्ल्या आणि पैसे एकाच वेळी' हा आग्रह रास्त आहे, बहुतेक करारांत तसंच लिहिलेलं असतं. पण मुदत उलटून गेल्यावर घर धरून बसणं महागात पडतं. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावरही ताबा न देणाऱ्या लायसन्सीला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, आणि ताबा मिळवण्यासाठी मालकाला त्याच कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा खास, तुलनेने झटपट रस्ता आहे. तुम्हाला तसा रस्ता नाही. सक्षम प्राधिकारी तुमची डिपॉझिटची तक्रार ऐकत नाहीत.

मालक किल्ल्या घ्यायलाच येत नसेल, तर तारीख आणि वेळ लेखी कळवा. त्या वेळी साक्षीदारासमोर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ घ्या, वीज मीटरचं रीडिंग टिपा, आणि किल्ल्या वकिलामार्फत किंवा पोचपावती मिळेल अशा पद्धतीने पाठवा. रखवालदाराकडे किल्ली ठेवून निघून जाणं म्हणजे ताबा दिला नाही असं म्हणायची मालकाला सोय करून देणं.

मालक रंगकामाचे पैसे कापतोय.

रोजच्या वापराने होणारी झीज कापता येत नाही, तुम्ही केलेलं नुकसान कापता येतं. करारात रंगकामाची ठरावीक रक्कम लिहून तुम्ही सही केली असेल, तर मात्र वाद घालायला फार जागा नाही. ओलीने गेलेला रंग तुमच्या नावावर टाकला जात असेल, तर नोटिशीसोबतचे फोटो इथे पुन्हा कामाला येतात.

ब्रोकरेज परत मिळेल का?

एजंटकडून जवळजवळ कधीच नाही. मालकाकडे नुकसानभरपाईत मागून बघता येईल.

त्रास द्यायला मालकाने पाणीच बंद केलं, तर?

भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सफाई अशा अत्यावश्यक सोयी विनाकारण तोडायला मनाई करतं, पण ते भाडेकरूच्या भाषेत लिहिलेलं आहे. लायसन्सी असाल तर दिवाणी न्यायालयाकडून मनाई हुकूम मागता येतो. धमकी, मारहाण, सामान बाहेर फेकणं हे मात्र दिवाणी वादापलीकडचं आहे, तिथे थेट पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. 'हा तुमचा आपसातला मामला आहे' असं सांगून परत पाठवलं, तरी तक्रारीची पोच घेतल्याशिवाय निघू नका.

इमारतच धोकादायक वाटते.

मग मालकासोबत महापालिकेच्या प्रभाग कार्यालयालाही लिहा. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली, आणि इतर महापालिकांत १९४९ च्या कायद्याच्या कलम २६४ खाली, धोकादायक बांधकामाबद्दल नोटीस काढण्याचे अधिकार आयुक्तांना आहेत. तशी नोटीस निघाली, तर घर राहण्याजोगं नव्हतं हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. पण तिची वाट बघत त्या घरात झोपू नका. सामान हलवा, भांडण मागाहून.

दाद कुठे मागायची? खर्च परवडेल का?

डिपॉझिटसाठी दिवाणी दावा लावता येतो. मुंबई-पुण्यात लघुवाद न्यायालयात जायचं की दुसरीकडे, हे मागणीच्या स्वरूपावर ठरतं, ते वकिलाला ठरवू द्या. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. दाव्याआधीच प्रकरण लोकअदालतीपुढे ठेवता येतं, आणि प्राधिकरणाचं पत्र आलं की बरेच मालक फोन करतात. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखालचं उत्पन्न असलेल्यांना मोफत वकीलही मिळतो.

पैसे वसूल करण्याच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं आहे. मालक गोड बोलून ती सहज घालवू शकतो.

मुदतीआधी घर सोडलं, तर नोंदवलेला करार रद्द करायचा वेगळा कागद लागतो का?

निदान दोघांच्या सहीचं एक पत्र तरी हवंच: करार अमुक तारखेला संपला, ताबा दिला-घेतला, डिपॉझिटचे इतके रुपये या बँक व्यवहाराने परत केले, एकमेकांकडे काही येणं नाही. शेवटचं वाक्य मात्र पैसे खात्यात जमा झाल्यावरच लिहा. वीज बिलाची शेवटची पावती आणि सोसायटीचं सामान हलवण्याचं पत्र त्याच फाइलला लावून ठेवा. नवीन घराच्या पत्त्यावर आधार आणि बँकेची नोंद बदलून घ्या, नाहीतर कोर्टाचं समन्स जुन्याच दारावर चिकटेल.